दिव्यांग मुलाला काय देणार, ते शाळेने लिहून द्यावे

चौथीत शिकणाऱ्या, अल्पदृष्टी असलेल्या एखाद्या मुलाच्या नावे जिल्हा परिषदेच्या शाळेत आज काय काय सापडते? यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीच्या, नोंदीत दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला असतो. फाइलमध्ये यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स असते. तालुक्याच्या शिबिरात भिंग मिळाले असेल, तर वाटपाच्या यादीवर पालकांची सही किंवा अंगठा असतो. पण फळ्यापासून किती अंतरावर बसवले म्हणजे त्याला दिसते, पुस्तकातला मजकूर किती मोठा करून हवा, तो मोठा करून कोण आणणार, चाचणीत जादा वेळ किती, आणि हे सगळे जमते आहे की नाही हे कोण, कोणत्या महिन्यात पाहणार, एवढे वर्गशिक्षिकेच्या हाताशी लिहिलेले नसते. काही तालुक्यांत विशेष शिक्षक असा आराखडा तयार करतात, पण तो त्यांच्या नोंदवहीत राहतो आणि पालकांनी तो पाहिलेलाही नसतो. वर्गशिक्षिका समजूतदार असतील तर स्वतःहून त्याला पुढे बसवतात, फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचतात. त्यांची बदली झाली की नव्या बाईंपुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपली मागणी साधी असली पाहिजे. प्रत्येक दिव्यांग मुलासाठी शाळेने ठरलेल्या मुदतीत वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा, त्यावर मुख्याध्यापक आणि पालक दोघांची सही असावी, आणि तो पाळला गेला नाही तर दाद मागण्याची जागा पालकांना माहीत असावी. पन्नास वर्षांत आपण योजना केल्या, कायदे केले, न्यायालयाचे निकाल मिळवले. हा कागद मात्र कोणत्याही कायद्याने बंधनकारक केला नाही. माझ्या मते बाकीचे पुष्कळसे अपयश इथूनच सुरू होते.

असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईत माझगावला कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ मध्ये निघाली. दादरची अंधशाळा १९०० ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली. मिशनरी, दानशूर व्यापारी, डॉक्टर आणि पालक यांनी हे काम उभे केले आणि सरकारने काही केले नव्हते अशा काळात केले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यातून प्रशासनाच्या मनात एक विभागणी पक्की बसली: धडधाकट मुलाचे शिक्षण हे शिक्षण खात्याचे काम, अपंग मुलाचे शिक्षण हे कल्याण खात्याचे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंग मुलांचे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावे अशी भूमिका घेतली होती. तरीही १९७४ मध्ये अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत आणण्याची एकात्म शिक्षण योजना आली, तेव्हा ती कल्याण मंत्रालयाकडे गेली. शिक्षण विभागाकडे यायला तिला १९८२ उजाडले. महाराष्ट्रात विशेष शाळा आजही शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. आधी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. ब्रेल, सांकेतिक भाषा, वाचादोष यांचे जाणकार एका खात्यात आणि गावच्या शाळेत बसलेले मूल दुसऱ्या खात्यात, अशी ही रचना आहे. स्वतंत्र विभाग झाल्याचा आनंद जरूर मानावा, पण शिक्षणाच्या बाबतीत त्याने ही दरी बुजलेली नाही.

कायद्याच्या भाषेत हक्क आला तो १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने. कलम २६ ने १८ वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण हे शासनाचे कर्तव्य ठरवले. मात्र त्यात अपंगत्वाचे प्रकार फक्त सात होते. स्वमग्नता त्यात नव्हती, अध्ययन अक्षमता (वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण) हीही नव्हती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले ‘वंचित गटा’त आली. त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर त्यांना प्रवेश मागता येऊ लागला. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. प्रकार २१ झाले. त्यातले कलम १६ प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा सावकाश वाचावे असे आहे: भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि सुविधा वापरता येण्याजोग्या, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय, व्यक्तिगत साहाय्य, अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना समजेल अशा भाषेतून आणि पद्धतीने शिक्षण, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे, प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष, वाहतुकीची सोय. हे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्या शाळांना लागू आहे.

एवढे सगळे असून पालक शाळेत जातात आणि ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे ऐकून परत येतात. कारण कलम १६ संस्थेला उद्देशून आहे. ‘व्यक्तिगत साहाय्य द्यावे’ असे म्हटले, पण या मुलाला कोणते साहाय्य, हे ठरवायचे केव्हा, कोणी आणि कशावर लिहून, याबद्दल कायदा गप्प आहे. जे ठरलेच नाही ते दिले नाही असे सिद्ध करता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे १९७१ पर्यंत पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा, मानसिक वय पाच वर्षांपर्यंत न पोहोचलेल्या मुलाला शाळेत घेण्याचे नाकारू देत होता. पालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि राज्याला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ १९७२ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या मिल्स खटल्यात न्यायालयाने बजावले की पैसे अपुरे असतील तर त्या टंचाईचा भार अपंग मुलांवरच जास्त टाकता येणार नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक जिल्हा नियोजन बैठकीत वाचले जावे असे वाटते. त्यातून १९७५ चा केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्याचा गाभा म्हणजे प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा. आज तिथे पालकांनी संमती दिल्यापासून साधारण ६० दिवसांत मुलाची तपासणी पूर्ण करावी लागते, मूल पात्र ठरल्यावर ३० दिवसांत आराखड्याची बैठक घ्यावी लागते, दर वर्षी आढावा आणि निदान तीन वर्षांतून एकदा फेरतपासणी. पालकांना मान्य नसेल तर निष्पक्ष सुनावणी मागता येते आणि वाद चालू असेपर्यंत मूल आहे त्या वर्गात राहते. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की आराखडा नावापुरती प्रगती दाखवणारा असून चालणार नाही, तो मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधणारा हवा.

त्या व्यवस्थेचे दोषही तितकेच खरे आहेत. केंद्र सरकारने जादा खर्चाचा ४० टक्के वाटा उचलण्याचे वचन दिले होते, नियमित अर्थसंकल्पातून ते कधी निम्म्यापर्यंतही पोहोचलेले नाही. २००५ च्या निकालाने, सुनावणी मागणाऱ्यावरच पुराव्याचा बोजा टाकला, म्हणजे बहुतेक वेळा पालकांवर. ज्यांना वकील परवडतो त्यांचा आराखडा चांगला होतो. आपण नक्कल करायची ती वकिलांच्या फौजेची नव्हे. मुदत, सही आणि आढावा एवढ्या तीन गोष्टी उचलल्या तरी पुरे.

आपल्याकडे आराखड्याची जागा एका टक्केवारीने घेतली आहे, आणि ती फार महागात पडते. चाळीस टक्के. कार्डावर ४० किंवा त्याहून अधिक टक्के असतील तर मूल दिव्यांग, ३८ असतील तर नाही, असा समज शाळांत रुजला आहे. २५ टक्के प्रवेशासाठी ४० टक्क्यांचा दाखला मागितला जातो, त्यातून हा समज पसरला. वास्तविक २०१६ च्या कायद्यातले कलम ३१ म्हणजे १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क ४० टक्क्यांवरच्या मुलांसाठी आहे. कलम १६ मध्ये अशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात हेच स्पष्ट केले: लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येणार नाही, वाजवी सोय ४० टक्क्यांच्या अटीशी बांधलेली नाही. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही चाचणीला जादा वेळ मागणाऱ्या पालकांना ‘आधी सिव्हिलचा दाखला आणा’ हेच उत्तर मिळते.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. महाराष्ट्राने १९९६ मध्ये दहावीला या मुलांसाठी सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. देशात अध्ययन अक्षमता कायद्यात यायला अजून वीस वर्षे होती, तेव्हा राज्याने हे केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण सवलत दहावीच्या परीक्षेला जोडली गेल्यामुळे दाखलाही नववीत काढला जाऊ लागला. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हा दाखला आठव्या वर्षापासून मिळू शकतो, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघेही लागतात, आणि मानसशास्त्रज्ञ नियमित उपलब्ध नसला की तालुक्यातल्या मुलाला शहर गाठावे लागते. अक्षर आणि आवाज यांचा मेळ बसवण्याचे काम दुसरी ते चौथीत रोज थोडे थोडे करून घेतले तर मूल वाचू लागते. नववीत कागद मिळतो तोपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते, मग गणितच सातवीचे घ्यावे लागते आणि विज्ञान शाखेचा रस्ता बंद होतो. आराखडा दुसरीत, दाखल्याची वाट न पाहता सुरू झाला असता तर यातल्या कित्येकांना दहावीला अर्ध्याहून कमी सवलती लागल्या असत्या, असे मला ठामपणे वाटते.

तेच शिक्षकांच्या बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने ते शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात घातले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा फर्मावावे लागले की मंजूर पदे जाहीर करा आणि भरा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४,८६० केंद्रांसाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांसाठी, प्रत्येकी एक विशेष शिक्षक असा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या लोकांना त्यातून स्थैर्य मिळते, म्हणून त्याचे स्वागतच. पण न्यायालयाने मोजायला सांगितली होती मुले, आपण मोजली केंद्रे. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या आणि शिक्षक रोज एका शाळेत गेला, तरी प्रत्येक शाळेची पाळी दोन आठवड्यांनी येते. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेची विशेष शिक्षणाची पदविका किंवा बी.एड. एका प्रकारात असते, उदाहरणार्थ दृष्टिदोष, श्रवणदोष किंवा बौद्धिक अक्षमता. बौद्धिक अक्षमतेत शिकलेला शिक्षक ब्रेल शिकणाऱ्या मुलीपर्यंत पंधरवड्यातून एकदा पोहोचला तर ती मुलगी ब्रेल शिकणार कशी? सुरुवातीची वर्षे रोजचा सराव लागतो. आराखड्यात ‘ब्रेल: रोज ४० मिनिटे, कोण शिकवणार, पाटी आणि कागद कुठून’ असे लिहायची सक्ती झाली की ही उणीव पहिल्याच महिन्यात कागदावर येते. आज ती भेटींच्या एकूण आकड्यात बुडून जाते.

श्रवणयंत्राचेही तसेच. शिबिरात यंत्र मिळाल्याचा फोटो निघतो. यंत्रातला छोटा सेल वापरानुसार एक-दोन आठवड्यांत संपतो. वाढत्या मुलाचा कान बदलतो, त्यामुळे कानात बसणारा साचा वर्षाच्या आत सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते आणि मूल ते काढून दप्तरात टाकते. सेलचा खर्च कोण करणार आणि नवा साचा कधी घ्यायचा, हे लिहून ठेवलेले नसेल तर त्या यंत्राचा उपयोग काही महिन्यांपुरताच.

इमारतींचे गणित तर कोणीही टेपने पडताळून पाहावे. रॅम्पला उतार १:१२ हवा. शाळेचे जोते ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब झाला पाहिजे. आपल्याकडे जागा आणि निधी वाचवण्यासाठी तो दोन-सव्वादोन मीटरांत संपवतात, म्हणजे उतार १:५ च्या आसपास जातो. चाकाची खुर्ची त्यावर मूल स्वतः चढवू शकत नाही, उतरताना ती उलटू शकते. वर पोहोचल्यावर दीड मीटरची सपाट जागा नसते, दार ९० सेंटिमीटरहून अरुंद असते, आणि स्वच्छतागृहाला पायरी असते. नोंद मात्र ‘रॅम्प: आहे’ अशीच जाते. एका ठरावीक मुलीच्या आराखड्यात ‘खुर्चीसह स्वच्छतागृहापर्यंत एकटी जाऊ शकते का’ हा प्रश्न असेल, तर त्याला ‘आहे’ हे उत्तर देता येणार नाही.

घरी राहून शिक्षण घेण्याची तरतूद हा आणखी एक भाग, ज्याबद्दल बोलताना संताप आवरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. निवड मुलाची आणि पालकांची आहे. प्रत्यक्षात, सांभाळायला अवघड वाटणाऱ्या मुलाचे नाव पटावर ठेवून त्याला घरी बसवण्यासाठी ही तरतूद वापरली जाते. विशेष शिक्षक आठवड्यातून एक-दोनदा येऊन जातात. वर्षाअखेर मूल ‘दाखल’ असते. गृहाधारित शिक्षण सुरू करताना त्याचे कारण, आठवड्याचे तास आणि शाळेत परत आणण्याचा महिना लिहिणे सक्तीचे केले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि तो रास्त आहे: आधीच ऑनलाइन माहिती भरता भरता दिवस संपतो, त्यात आणखी एक कागद. म्हणून आराखडा दोन पानांहून मोठा नसावा आणि त्याच्या बदल्यात आज मागितली जाणारी तीन-चार वेगवेगळी विवरणपत्रे रद्द व्हावीत. दुसरा आक्षेप पैशांचा. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले असतात. ते कमी आहेत हे उघड आहे. पण त्या मुलाला काय लागते हे लिहिलेलेच नसेल तर वाढीव निधी कोणत्या आधारावर मागणार? तिसरा प्रश्न विशेष शाळांचा. त्या बंद करा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा बोलणारी मुले आणि मोठी माणसे आजूबाजूला लागतात, ती गावच्या शाळेत मिळत नाहीत. मात्र या शाळा शिक्षण विभागाखाली आल्या पाहिजेत आणि त्यांच्या शिक्षकांचे ज्ञान शेजारच्या शाळांना उपलब्ध झाले पाहिजे.

आता दाद मागण्याचा मुद्दा. आज शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेविरुद्धची तक्रार जिल्हा परिषदेकडेच जाते. दुसरा मार्ग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचा. त्यांची शिफारस आली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत कृती करावी किंवा न करण्याचे कारण कळवावे, एवढेच बंधन. दोन्हीकडे मिळून शैक्षणिक वर्ष सरते.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. त्यात सेवा अधिसूचित करता येतात, पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरते, दोन अपिले आणि त्यावर आयोग आहे, कारणाशिवाय टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. शालेय शिक्षण विभागाने ‘दिव्यांग विद्यार्थ्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा’ ही सेवा त्याखाली अधिसूचित करावी. पदनिर्देशित अधिकारी मुख्याध्यापक, पहिले अपील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, दुसरे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुदत अर्जापासून ४५ दिवस. दाखला नसेल तर शिक्षकांच्या प्राथमिक पडताळणीवर आराखडा सुरू, दाखला नंतर आला तरी चालेल. आढावा दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत. विनाअनुदानित शाळांसाठी हीच अट मान्यतेच्या नूतनीकरणात घालता येईल, कारण कलम १६ त्यांनाही बांधतेच.

अधिसूचना निघेपर्यंत पालकांनी जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ चा उल्लेख करावा आणि मुलाला लागणाऱ्या गोष्टी मोजमापासह मागाव्यात: बसण्याची जागा, अक्षरांचा आकार, तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक, रोजचा सराव, मदतनीस. एक प्रत जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या समन्वय अधिकाऱ्याला पाठवावी. दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि सुविधा पाहण्यासाठी असा अधिकारी नेमण्याची तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. शाळेकडून आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. पुढे आयुक्तांकडे किंवा न्यायालयात जावे लागले, तर उशीर त्या तारखेपासून मोजता येतो.